गुरुवारचा ऑर्डिनरी कॉल

रत्नागिरी,
मंगळवार

प्रिय सीता,

रविवारी तू माझ्यावर फोन आपटलास. हल्लीच्या फोनला आपटायची सोय नाही, नुसतं बोट टेकवावं लागतं, हे मला माहीत आहे. पण जिने चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली तिला बोट कसं टेकवलं तेही ऐकू येतं. मी एवढंच म्हणाले होते, की काशीवहिनी सिव्हिल हॉस्पिटलात आहे, हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात फार दिवसांची गोष्ट नाही, तू येऊन भेटून जा. त्यावर तू म्हणालीस, "त्या बाईसाठी मी ठाण्याच्या बाहेर पाऊल टाकणार नाही," आणि संपलं. म्हणून आता कागद घेऊन बसले आहे. कागद मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतो, पण तू मुख्याध्यापिका होतीस, न वाचता कागद फाडणं तुझ्या हातून व्हायचं नाही.

काशीचं नंतर बघू. आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुझा राग थोडा उतरेल.

आमच्या सानवीच्या शाळेत शनिवारी आजी-आजोबा दिवस होता. मागच्या सोमवारी ती दप्तरातून एक गुलाबी चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, की प्रत्येक आजी-आजोबांनी नातवंडासोबत स्टेजवर येऊन 'मला कोणता सुपरहिरो व्हायला आवडेल' हे दोन मिनिटांत सांगायचं, मुखवटे शाळा देईल. मी चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा त्यातल्या इंग्रजीच्या चुका मोजल्या. दुसऱ्यांदा चिडले. अगं, साठी ओलांडलेल्या माणसांना, ज्यांचे गुडघे बदललेत, ज्यांची मुलं दुबईला आहेत, त्यांना तुम्ही इलास्टिकचे मुखवटे लावून नाचवणार? आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टांनी असली चिठ्ठी बघितली असती तर लिहिणारीला वर्गाबाहेर उभं केलं असतं, एका पायावर. मी सानवीला सांगितलं, मी येणार नाही. ती जाऊन कोपऱ्यात बसली आणि माझ्यासाठी मुखवट्याचा नमुना काढायला लागली. आठ वर्षांची आहे. माझ्यापेक्षा हट्टी. मला फार आवडते.

मग मी विचार करायला लागले. हसू नकोस. रात्रीची भाजी निवडताना, देवाची भांडी घासताना, खरंच विचार करायला लागले, की मला कोण व्हायला आवडेल? सानवीने मला सगळे प्रकार समजावून सांगितले. काही उडतात. काही भिंतीतून आरपार बघतात. एक दिसेनासा होतो. बहुतेकांना चड्डी पँटवरून घालायची घाई झालेली असते. पण दोन गोष्टी सगळ्यांना सारख्या, म्हणाली. एक, त्यांच्याकडे एक अशी शक्ती असते जी बाकी कुणाकडे नसते. आणि दोन, ते कोण आहेत हे कुणालाही कळता कामा नये. अगदी घरच्यांनाही नाही, अगदी जवळच्या मैत्रिणीलाही नाही.

सीता, तेव्हा माझ्या हातात पडवळ होतं. ते तसंच राहिलं. माझ्या मनात आलं, की अरे, मी तर होते! पंचवीस वर्षांची असताना मी हे सगळं करून बसले आहे! माझ्याकडे शक्ती होती, मुखवटा होता, मी एकीला वाचवलं होतं आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला, की मी सानवीला लगेच सांगून टाकलं, येते मी. स्टेजवर काय बोलायचं तेही मनात तयार झालं.

माझी शक्ती कानांची होती. तुला एक्स्चेंज आठवतंय का? तू एकदाच आत आली होतीस, माझा डबा द्यायला, आणि सुपरवायझर तुझ्यावर खेकसला होता. समोर तो उंच बोर्ड, भोकांच्या रांगा, पितळी टोकांच्या कॉर्ड, आणि आम्ही सात जणी स्टुलांवर, कानाला हेडफोन. भरती होताना आमच्याकडून शपथ घेतली होती, की इथे कानावर पडलेला एक शब्दही बाहेर जाणार नाही. गेला तर नोकरी गेलीच, वर खटला. आणि माझी नोकरी म्हणजे काय होतं ते तुला माहीत आहे. बाबा गेलेले, मागे दोन भावंडं शिकणारी, आई अंथरुणाला. कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं म्हणून मला बोर्डावर घेतलं. सिस्टरांनी तोंडात पेन्सिल आडवी धरायला लावून आपल्याकडून जे उच्चार घोटून घेतले, ते तिथे कामी आले. बोर्डावर बसले की माझा आवाज बदलायचा. 'नंबर प्लीज', 'थ्री मिनिट्स, एक्स्टेंड?' बस, इतकंच. घरची योगिनी त्या आवाजात कुणाला सापडली नसती. भाजीवालीसुद्धा मला फोनवर 'मॅडम' म्हणायची आणि बाजारात 'काय गो' म्हणायची. तो आवाज म्हणजे माझा मुखवटा. इलास्टिक लागत नव्हतं.

लोकांना वाटायचं आम्ही दिवसभर इतरांची बोलणी ऐकत बसतो. मुळीच नाही. कंटाळा येतो गं दुसऱ्यांच्या बोलण्याचा. जावयाने आंबे पोचल्याचं कळवलं नाही, सासूला उलट्या होताहेत, ह्यापलीकडे काही नसतं. पण दर तीन मिनिटांनी आम्हाला आत शिरून विचारावं लागायचं, आणि पीपी कॉल असला, म्हणजे अमक्याच माणसाला बोलवा असा कॉल असला, तर ते माणूस रिसीव्हरपर्यंत येईतो आम्हालाच लाइनीवर थांबावं लागायचं. तेवढं कानावर पडायचंच. कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचताना बसून घे. चहा बाजूला ठेव.

चौऱ्याऐंशी साल. फेब्रुवारीत तुझा साखरपुडा झाला, मे महिन्यातली तारीख धरली होती. मुलगा प्रमोद, लोट्याला केमिकल कंपनीत, कंपनीची बस, कंपनीचे बूट, आणि मिरजोळ्यात तुझ्या आबांच्या अंगणात बसून 'म्हणजे काय की' असं दर वाक्याआधी म्हणणारा. तू त्याच्यावर किती जीव टाकला होतास ते मला ठाऊक आहे, कारण तू ते मला मांडवीच्या बंदरावर बसून रोज सांगायचीस. मार्चच्या एका गुरुवारी दुपारी तार ऑफिसच्या बूथमधून एक कॉल बुक झाला. मुंबई, परळ, एका किराणा दुकानाचा नंबर, पीपी. बोलवायचं कुणाला, तर रसिका. बुक करणाऱ्याने सांगितलं, "म्हणजे काय की, जरा लवकर लावा." मी ओळखला आवाज. मला वाटलं बहीण असेल. दुकान लागलं. मी नाव सांगितलं. आणि दुकानदाराने रिसीव्हर हातात धरूनच चाळीकडे तोंड करून हाक मारली, "रसिका, ये गं, तुझ्या नवऱ्याचा फोन!"

मी कॉर्ड जोडली आणि हेडफोन काढून ठेवला. शपथ म्हणून नव्हे. पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

आठवडाभर मी तुला बंदरावर भेटत राहिले. तू साड्यांचे रंग विचारत होतीस आणि मी सांगत होते. तुला सांगावं असं मला शंभरदा वाटलं. पण तू काय केलं असतंस? सरळ त्यालाच जाऊन विचारलं असतंस. त्याने कानावर हात ठेवले असते, आणि दुसऱ्या दिवशी तार ऑफिसात तक्रार आली असती, की तुमची ऑपरेटर चोरून ऐकते. माझी नोकरी जाऊन तुझं लग्न मात्र झालंच असतं. मला असा कुणीतरी हवा होता जो स्वतःच्या कानांनी ऐकेल आणि तोंडातून ब्र काढणार नाही. असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता. तुझे आबा.

पुढच्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, तो पुन्हा आला. पुन्हा परळ, पुन्हा पीपी, आणि पुन्हा ऑर्डिनरी. ऑर्डिनरी म्हणजे ताटकळणं, तास, दीड तास. अर्जंट होता, लायटनिंग होता, जादा पैसे टाकले की लगेच लागणारे, पण हा माणूस बायकोशी बोलायलासुद्धा चिकटपणा करणारा. लायटनिंग बुक केला असता तर तू आज त्याच्या घरात असतीस, इतकं साधं आहे ते. मला तास मिळाला. मी मिरजोळ्याला लवूच्या दुकानात फोन लावला, गावात तेव्हा तेवढा एकच. म्हटलं, गंगारामकाकांना ताबडतोब फोनवर बोलवा, फार महत्त्वाचं आहे. लवू दुकान सोडून जाणारा नव्हता. दुकानात त्या वेळी काजूबिया विकायला काशी आली होती. त्याने तिलाच पिटाळलं. ती टोपली तिथेच टाकून कलमांच्या बागेकडे पळाली. उन्हात, अनवाणी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

आबा आले. मी त्यांना माझ्या खऱ्या आवाजात सांगितलं, "आबा, मी योगिनी. आता तुम्हाला काही ऐकू येईल. फक्त ऐका. रिसीव्हरवर हात ठेवा, श्वाससुद्धा जाऊ देऊ नका. आणि तुम्हाला कुणी सांगितलं हे कुणालाही कळता कामा नये, सीतालाही नाही. माझ्या घरात चूल माझ्यावर आहे." ते एवढंच म्हणाले, "बरं बाय." मग परळ लागलं, आणि मी तिसरी कॉर्ड लावून आबांनाही त्या लाइनीवर घेतलं.

काय बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही. तो तिला सांगत होता, की कंपनी मे महिन्यात दोन महिने गुजरातला पाठवणार आहे. ती विचारत होती, पोराचा ताप अजून उतरत नाही, डॉक्टर बदलू का? मग ते पोर आलं फोनवर आणि 'पप्पा' म्हणालं. तीन मिनिटं झाली. मला आत शिरावंच लागलं. 'थ्री मिनिट्स, एक्स्टेंड?' माझ्या सर्वांत चांगल्या इंग्रजीत विचारलं मी. तो म्हणाला, नको. पैसे वाचवले त्याने. दुसऱ्या बाजूने आबांचा रिसीव्हर अलगद ठेवला गेला, अंडं ठेवावं तसा.

हे मी केलं, सीता. तुझं लग्न मी मोडलं. आबांना स्वप्न पडलं नव्हतं आणि कुणी त्यांचे कान भरले नव्हते. आणि स्पष्टच सांगते, मला त्याचा पश्चात्ताप नाही. तू ठाण्याला मावशीकडे गेलीस, बी.एड. केलंस, भावोजींसारखा माणूस तुला मिळाला, विनीत झाला, तू मुख्याध्यापिका झालीस. तुझ्या निरोप समारंभाचे फोटो आले तेव्हा मी ते बघत बसले होते आणि मनात म्हणत होते, हे माझं काम आहे, ह्या बाईच्या गळ्यातला तो हार अर्धा माझा आहे. एकच गोष्ट टोचते. त्या परळच्या रसिकेचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिचाही नंबर माझ्याकडे होता. मी तिला वाचवलं नाही. माझ्या शक्तीची हद्द माझ्या मैत्रिणीपर्यंतच होती.

तर हे सगळं, नावं न घेता, मी शनिवारी स्टेजवर सांगणार होते. कानांची शक्ती असलेली एक बाई, तिने मैत्रिणीला वाचवलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. दोन मिनिटांत बसत होतं. गुरुवारी सानवीला तालमीसाठी म्हणून दाखवलं. ती मुखवटा रंगवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आजी, पण मग ते कुणी केलं असं लोकांना वाटलं?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हणजे, ती तर मुखवटा घालून पळून गेली ना. मग कुणीतरी केलंच असणार असं वाटणार ना सगळ्यांना. मग पोलिसांनी दुसऱ्याच कुणाला पकडून नेलं तर?"

तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि दुसरा रंग घेतला. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

सीता, चाळीस-एक वर्षं मी हे मनातल्या मनात टाळलं होतं, आणि एका आठ वर्षांच्या पोरीने ते रंगकाम करता करता काढून समोर ठेवलं. पकडून नेलंच होतं. काशीला नेलं होतं. गावाने बघितलं होतं, की काशी धावत गेली, सासऱ्याला बागेतून घेऊन आली, फोनवर आबा 'बरं बाय'पलीकडे एक शब्द बोलले नाहीत, परतताना वाटभर त्यांच्याशी बोलत होती ती काशीच. आणि संध्याकाळी आबांनी अंगणात सांगितलं, "हे लगीन होणार नाय. त्याला बायको हाय." कुणी सांगितलं ते विचारलंस तर गप्प. प्रमोदने तुला पत्र पाठवलं, की हे सगळं तुझ्या वहिनीचं कारस्थान आहे, तिला तुला आपल्या भावाला द्यायचं होतं. आणि काशीने खरोखर वर्षापूर्वी आपल्या भावाचं स्थळ सुचवलं होतं. सगळं जुळलं. तू मला बंदरावर रडत रडत ते पत्र वाचून दाखवलंस, "ह्या बाईने माझा संसार खाल्ला" म्हणालीस, आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवत बसले. हा माझा पराक्रम.

पुढे मी गप्प का राहिले? नोकरी होती तोवर म्हणायला कारण होतं. मग आबा गेले. भावंडं मार्गी लागली. मी निवृत्त झाले, बोर्ड तर केव्हाच भंगारात गेला होता. तेव्हा कुणाची भीती होती? कुणाची नाही. तू दर रविवारी फोन करायचीस आणि म्हणायचीस, "योगिनी, तुझ्याइतकं सख्खं मला कुणी नाही." ते ऐकायची मला चटक लागली होती. शाळेत आपल्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलींचा मला हेवा वाटायचा, आठवतं? त्या जाळीपलीकडे बसलेल्या फादरना सांगून मोकळ्या व्हायच्या आणि आपण बाकीच्या, मॉरल सायन्सच्या तासाला बसणाऱ्या, आपल्याला सगळं पोटातच ठेवावं लागायचं. तर समज, की हा कागद माझी जाळी आहे.

शुक्रवारी सकाळी मी सिव्हिलला गेले. खाली गेटवर शहाळं घेतलं, ते तिला चालत नाही हे वर गेल्यावर कळलं, ते नर्सने प्यायलं. काशी खाटेवर बसली होती. वाळून इतकीशी झाली आहे. पण नजर तशीच, बाजारात तांदूळ मोजताना असायची तशी. ह्या चाळीस वर्षांत मी तिच्याकडून कोकम, कुळीथ, तांदूळ घेत आले आणि एकदाही तिच्या डोळ्यांत नीट बघितलं नाही. सुरुवात कुठून करावी ते मला कळेना. मी, जिची जीभ कुणाला ऐकत नाही, ती मी तिच्या चादरीचा कोपरा सरळ करत बसले. म्हटलं, "काशीवहिनी, त्या दिवशी लवूच्या दुकानात जो फोन आला होता ना..."

ती म्हणाली, "तू केलास. मला ठावं हाय."

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

"आबांनी घरी येताना वाटंतच सांगितलानी. रडत व्हते. म्हनले, काशी, त्या पोरीची नोकरी जाईल, तू कुनाला बोलू नको. म्हटलं, बरं."

बरं! एवढंच म्हटलं होतं तिने, आणि त्या एका 'बरं'वर चाळीस वर्षं काढली. मी तिला विचारलं, अगं पण मी तुझी कोण? मी तर तुझ्या नणंदेची शहरातली मैत्रीण, तुमच्या अंगणात खुर्चीवर बसून चहा पिणारी. माझ्या नोकरीसाठी तू गावाची बोलणी का खाल्लीस? सीताला एकदा तरी बाजूला घेऊन का नाही सांगितलंस? त्यावर ती जे म्हणाली ते तसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहे.

"तिला कुनाचा तरी राग धरूचा व्हता, गो. माज्यावर धरलान. बरा झाला. नायतर त्या मेल्याची आठवन काढीत बसली असती. राग व्हता म्हनून उठली नि ठान्याला गेली. शिकली. हेडबाई झाली." आणि मग, सीता, हसली. दात उरलेले नाहीत, पण काय हसली! म्हणाली, "आमच्या घरातली हेडबाई."

तुझ्या निरोप समारंभाचा फोटो तिच्या उशाखाली आहे. पेपरातला. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, म्हणजे भिजायला नको. आल्या-गेल्या नर्सला दाखवते, माझी नणंद म्हणून.

मी खाली आले आणि सिव्हिलच्या पायऱ्यांवर बसले. रिक्षावाला विचारून गेला, तरी उठवेना. मी स्वतःला शूर समजत होते. माझी शूरता तीन मिनिटांची, एक्स्टेंडही न केलेली.

शनिवारी शाळेत गेले. मुखवटा नाकारला. एका बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांना अदृश्य व्हायचं होतं, सुनेची नजर चुकवून जिलबी खायला, लोक खूप हसले. आमच्या शेजारच्या चिमाताई म्हणाल्या, मला सहा हातांची सुपरवुमन व्हायला आवडेल, म्हणजे भांडी, धुणं, स्वयंपाक एकदम उरकेल. टाळ्या! मी जागेवरून मोठ्याने म्हटलं, "सहा हात मिळाले तरी भांडीच घासणार का?" मिसने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. चाळीस वर्षं गप्प राहिलेल्या मला, आणि तेही त्या चिठ्ठीतल्या इंग्रजीच्या मालकिणीने.

आमचा नंबर आला. सानवीने माझा हात धरला होता. माइकवर मी म्हटलं, मला मिरजोळ्याची काशी व्हायला आवडेल. मिस म्हणाली, "ही कुठली, आजी? कुठल्या कार्टूनमधली?" मी म्हटलं, कार्टूनमधली नाही, सिव्हिलमधली आहे, वॉर्डात उजवीकडची तिसरी खाट. तिची शक्ती अशी, की दुसरीचा दोष तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि एकदाही खाली ठेवला नाही. ती उडत नाही. एकदा पळाली होती, अनवाणी. मुखवटा तिने कधी घातला नाही, तो मी घातला होता. मला तिच्यासारखं व्हायचं आहे, पण मला जमेल असं वाटत नाही, कारण मला गप्प राहता येत नाही, हे इथल्या सगळ्यांना कळलंच असेल. कुणाला काही समजलं नाही. टाळ्या पडल्या, त्या दोन मिनिटं संपली म्हणून. फक्त सानवीने स्टेजवरून उतरताना विचारलं, "म्हणजे पोलिसांनी जिला पकडलं, ती?" मी म्हटलं, होय बाळा, तीच. मला माझ्या नातीचा इतका अभिमान वाटला, की घरी येईतो मी कुणावरही चिडले नाही. रिक्षावाल्यावरसुद्धा नाही.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. मला माफ कर असं म्हणायला नव्हे. वाटलं तर करूच नकोस, इतकी वर्षं काशीवर धरलेला राग आता योग्य पत्त्यावर पाठव, मी घ्यायला बसले आहे. आबांच्या तेराव्याला तू आली होतीस. उन्हाची चालत आलीस, ओटीवर बसलीस आणि काशीने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तोंड फिरवलंस. तिने तो पायरीवर ठेवला आणि आत गेली. तू शेजाऱ्यांकडे जाऊन पाणी प्यायलीस. तो पेला संध्याकाळपर्यंत पायरीवर तसाच होता, मी बघितला होता आणि मला सांगता येत होतं आणि मी सांगितलं नाही. शुक्रवारी निघताना मी काशीला विचारलं, सीताला काय निरोप देऊ? ती म्हणाली, "आली तर म्हनावं, पानी पिऊन जा." सीता, गाडीचं तिकीट विनीतला काढायला सांग, आजच. तिचा हात आता फार थरथरतो, पेला सांडेल. मी खालून धरीन. तू फक्त पी.

जिने तुझ्यापासून हे चाळीस वर्षं लपवलं आणि जी तरीही तुझीच आहे ती,
योगिनी